पेशवेकालीन द्रव्यविषयक संवयी व त्यांचें मूळ

१

जुन्या दप्तराचा रुमाल सुटला म्हणजे संग्राहकाची दृष्टि प्रथम कशावर जाते, हें त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शिक्कामोर्तब असलेलीं पत्रें, सनदा, महजर, वंशावळी, लढाईच्या बातमीचे कागद हे निवडून बाजूस निघतात. आणि किर्दीचे बंद, बाजारखर्चाच्या याद्या, लग्नकार्याचे हिशेब, व्याजाचे आकार, खतें व फारखत्या हीं पुन्हां फडक्यांत बांधलीं जातात. पुष्कळदां तीं पुन्हां बांधलींही जात नाहींत. रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतात. ज्या कागदावर राजाचें नांव नाहीं व लढाईची तारीख नाहीं, त्यांत इतिहास कोठून असणार, असा समज या निवडीच्या मुळाशीं असतो.

या समजुतीचा एक परिणाम आमच्या इतिहासलेखनावर झालेला आहे. अमका पेशवा कर्जबाजारी, अमका काटकसरी, अमका मुत्सद्दी कृपण, अमका शास्त्री निरिच्छ, कुणबी तेवढा उधळा, अशीं विशेषणें बखरकारांनीं लाविलीं व त्यांच्यामागून आलेल्या चरित्रकारांनीं तींच पुढें चालविलीं. जणूं काय पैशाविषयींची बुद्धि ही नाकाडोळ्यांप्रमाणें जन्मतःच ठरून येते. प्रस्तुत लेखाचें म्हणणें असें कीं, ही बुद्धि घडविलेली असते. मनुष्य ज्या घरांत वाढला, ज्या पंतोजीपुढें बसला, ज्या व्यवसायाच्या ऋतुचक्रांत सांपडला, त्यांनीं त्याचा हात सैल किंवा आवळ केलेला असतो. हें दाखविण्याचें साधन म्हणजे वर सांगितलेले नाकारले गेलेले कागदच होत.

२

आरंभ ऋणविचारापासून करणें योग्य. ऋण या शब्दास आपल्या वाङ्मयांत फार जुना इतिहास आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील द्यूतकाराच्या सूक्तांत ऋणानें भ्यालेला जुगारी धनाच्या इच्छेनें रात्रीं परक्याच्या घराकडे वळतो. तेथें ऋण ही निव्वळ लौकिक आपत्ति आहे. तैत्तिरीय संहितेंत याच शब्दास निराळें वजन येतें. ब्राह्मण जन्मतांच तीन ऋणें घेऊन येतो व ब्रह्मचर्यानें ऋषींचें, यज्ञानें देवांचें आणि प्रजोत्पादनानें पितरांचें ऋण फेडतो, असा तेथील सिद्धांत आहे. ज्या घरांत वेदाध्ययन चालू होतें त्या घरांतील मुलाच्या कानावर ऋण हा शब्द हातीं नाणें येण्यापूर्वींच पडत असे, आणि तोही फेडण्याच्या कर्तव्यासह पडत असे.

स्मृतिकारांनीं हा विचार व्यवहारांत उतरविला. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत तारण असलेल्या कर्जास दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, ही वृद्धि सांगितली आहे. तारण नसल्यास वर्णक्रमानें शेकडा दोन, तीन, चार व पांच. अरण्यांतून व्यापार करणाऱ्यास दहा व समुद्रावर जाणाऱ्यास वीस. मनूनें एकदम फेडीच्या वेळीं व्याज मुद्दलाच्या वर जाऊं नये अशी मर्यादा घातली. हीच आपल्याकडील दामदुपट होय. पित्याचें ऋण पुत्रानें सव्याज फेडावें, आजोबाचें ऋण नातवानें मुद्दलापुरतें फेडावें, ही व्यवस्था टीकाकारांनीं स्पष्ट केली. परंतु याच ठिकाणीं एक अपवादही आहे: मद्य, स्त्रीव्यसन व द्यूत यांसाठीं केलेलें ऋण, दंडाची बाकी आणि व्यर्थ दिलेलीं दानें यांचा भार पुत्रावर नाहीं.

या नियमांतून जी मनोवृत्ति घडली ती नीट पाहिली पाहिजे. येथें कर्ज काढणें हें लांच्छन मानलेलें नाहीं. तें न फेडतां मरणें हें लांच्छन आहे. कर्ज देहाबरोबर संपत नाहीं. आणि कर्ज कशासाठीं काढलें याचा विचार रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. मूळचें पैठणचें, पण सोळाव्या शतकांत काशीस गेलेलें जें भट्ट घराणें, त्यांतील नीलकंठभट्टानें सतराव्या शतकांत व्यवहारमयूखांत याच परंपरेचें विवरण केलें. पुढें मुंबई इलाख्यांतील इंग्रजी न्यायालयांनीं मिताक्षरेबरोबर तो ग्रंथ प्रमाण धरला व दामदुपटही मान्य केली. पित्याचें ऋण फेडण्याचें पुत्राचें धर्म्य बंधन हिंदु उत्तराधिकार कायद्यांतील दुरुस्तीनें ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यानंतरच्या कर्जांपुरतें, रद्द झालें. संहितेंत बीज असलेली एक कल्पना एकविसाव्या शतकापर्यंत न्यायालयांत उभी होती. मग ती घराघरांतून किती खोल रुजली असेल याचा अंदाज सहज करतां येतो.

३

शास्त्राचा हा संस्कार थोड्या घरांपुरता होता. त्याहून विस्तृत संस्कार पंतोजीच्या शाळेचा. येथें ब्राह्मणांचीं, वाण्यासराफांचीं, पाटील-कुळकर्ण्यांचीं व थोड्याफार इतर शेतकऱ्यांचीं मुलें येत. मुली व अस्पृश्य यांना तीं दारें बंद होतीं, हेंही येथेंच नमूद करणें अवश्य आहे, कारण पुढील विवेचनाशीं त्याचा संबंध आहे. धूळपाटीवर अक्षरें गिरवावीं, मोडी वळण बसवावें आणि तिन्हीसांजेस मोठ्यानें उजळणी म्हणावी, हा या शाळेचा मुख्य क्रम. छापील पुस्तक नव्हतें. पाठांतर हेंच पुस्तक.

या पाठांतरांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. लहान मुलाकडून साडेतीनाचा पाढा कां घोकून घेत, याचें उत्तर बाजारांत सांपडतें. रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर व खंडीचे वीस मण. धान्याच्या मापांत दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली. सर्व मोजणी अर्ध्या-पावाच्या भागांनीं उतरणारी होती. व्याजाची रीतही तशीच. तें वर्षाचें न सांगतां दरमहा दर शेकडा सांगत. एक रुपया असेल तर एकोत्रा व दीड असेल तर दिडोत्रा. दिडोत्र्यानें पावणेतीनशें रुपयांचें सात महिन्यांचें व्याज काय, असें विचारल्यास दिडकी पाठ असलेला मुलगा महिन्यास चार रुपये दोन आणे व एकूण अठ्ठावीस रुपये चौदा आणे हें उत्तर लेखणी न उचलतां देई. स्मृतींतील ऐंशीव्या भागाचा धर्म्य दर सवायकीनें निघतो आणि बाजारांतील दिडोत्रा दिडकीनें, हा योगायोग संस्कृतज्ञांस लक्षांत घेण्याजोगा वाटेल.

असें शिक्षण मिळालेल्या मुलास महिना उलटणें म्हणजे कांहींतरी वाढणें किंवा घटणें, ही जाणीव बाळपणींच होत असे. काळ व पैसा यांची सांगड त्याच्या मनांत आयुष्यभर राही. ज्यास हें शिक्षण मिळालें नाहीं त्यास कर्जाची रक्कम कळे, परंतु तिची चाल कळत नसे. खत लिहिणारा व खतावर निशाणी करणारा यांच्यामधील अंतर अक्षरओळखीपुरतें नव्हतें. एकास महिन्यांचा हिशेब तोंडपाठ होता व दुसऱ्यास नव्हता.

याच वातावरणाचा दुसरा भाग म्हणजे नाणीं. रुपया म्हणजे एक ठराविक वस्तु, ही आजची समजूत त्या काळास लागू नाहीं. अंकुशी, चांदवडी इत्यादि निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत फिरत. प्रत्येकाचा बट्टा निराळा, व गांवोगांव तो बदले. सरकारी भरणा पोतदाराच्या पारखीशिवाय होत नसे. म्हणून जमाखर्चांत रकमेबरोबर नाण्याची जात लिहिण्याची चाल पडली. नाण्यावर विश्वास न ठेवण्याची ही संवय घरांतही गेली. शिल्लक राहिलेली रक्कम स्त्रियांच्या अंगावर डाग म्हणून चढे. सोन्याच्या वजनास बट्टा लागत नाहीं, तें अडचणींत गहाण पडतें, आणि जमिनीवर व दप्तरावर जिची सत्ता नाहीं त्या स्त्रीस तेवढेंच स्वतःचें धन. सोन्याच्या या आवडीस भोळा हव्यास म्हणून हिणविणाऱ्यांनीं बट्ट्याचे हिशेब एकदां वाचावेत.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणेंपद्धति सुरू झाली. वजनेंमापेंही त्यानंतर बदललीं. पावकी-दिडकीचा उपयोग संपला व ते पाढे शाळांतून नाहींसे झाले. त्यांबरोबर जुन्या किर्दी वाचण्याची एक किल्लीही हरवत चालली आहे. मोडी शिकलेल्या अभ्यासकासही आकडा लागतो, पण त्यामागचा पाढा माहीत नसल्यानें हिशेब लागत नाहीं.

४

एकाच नगरींत, एकाच काळीं, एकाच वर्णांत जन्मलेल्या दोन पुरुषांची द्रव्यदृष्टि किती भिन्न असूं शकते, याचें उदाहरण रामशास्त्री प्रभुणे व नाना फडणवीस यांचें घेऊं.

रामशास्त्री माहुलीचा, त्याचें अध्ययन काशीस झालें. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत त्याच्या निःस्पृहतेची साक्ष देतांना, दिवसाच्या गरजेपुरतेंच घरांत ठेवण्याचा त्याचा नियम होता असें लिहिलें आहे. पुढील लेखकांनीं ही गोष्ट व्यक्तिगत सद्गुणाचा नमुना म्हणून सांगितली. सद्गुण तो होताच. परंतु त्याचा सांचा कोठला, हें स्मृति पाहिलेल्यास ओळखतां येतें. मनु व याज्ञवल्क्य या दोघांनींही ब्राह्मण गृहस्थाचे सांठ्यावरून प्रकार केले आहेत: कणगीभर धान्य ठेवणारा, घडाभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतें ठेवणारा, आणि उद्यांचेंही न ठेवणारा तो अश्वस्तनिक. यांत उत्तरोत्तर श्रेष्ठ. रामशास्त्र्याचा नियम या अश्वस्तनिकाच्या आदर्शास मिळतो. काशीच्या पाठशाळेंत किर्द शिकवीत नसत. तेथें हा आदर्श शिकवीत. नारायणरावाच्या १७७३ मधील वधानंतर त्यानें अधिकार सोडला, तेव्हां या राहणीचा त्यास किती उपयोग झाला असेल हें उघड आहे. ज्याचा सांठाच नाहीं त्यास पद सोडतांना अडविणारें फारसें कांहीं नसतें.

नाना वेळासच्या भानु घराण्यांतला. त्याचा जन्म १७४२ चा. वडील जनार्दनपंत १७५६ त वारले व चौदाव्या वर्षीं फडणिशी त्याच्याकडे आली. ज्या वयांत इतर मुलें पंतोजीचें घर नुकतेंच सोडतात त्या वयांत याच्यापुढें राज्याचा जमाखर्च उलगडला. नेमणूक, वरात, सनद हीं फडावरून गेल्याविना पुरीं होत नसत. आज किती आलें, किती गेलें, शिल्लक काय, हा प्रश्न रोज सायंकाळीं सुटलाच पाहिजे, हें फडाचें व्रत. अशा ठिकाणीं वाढलेल्या पुरुषास सांठा हें पाप वाटणें शक्य नव्हतें. त्याच्या दृष्टीनें शिल्लक नसणें हीच अव्यवस्था. त्याच्या खासगी संचिताविषयीं त्याच्या काळीं व मागाहूनही पुष्कळ बोललें गेलें. त्याचें समर्थन किंवा निंदा हा येथें विषय नाहीं. ज्या शिस्तीनें त्यानें सरकारचा खजिना राखला तीच शिस्त त्याच्या घरांतही होती, एवढेंच म्हणावयाचें आहे. रामशास्त्र्याच्या मापानें नानास व नानाच्या मापानें रामशास्त्र्यास मोजणें हा दोघांवरही अन्याय होय.

५

आतां पेशव्यांच्या घराण्याकडे वळूं. येथें एक आक्षेप संभवतो. संगोपन हेंच कारण असेल तर एकाच वाड्यांतून कर्ज करणारे व कर्जानें झुरणारे असे दोन्ही प्रकारचे पुरुष कसे निघाले? उत्तर असें कीं, वाडा तोच असला तरी प्रत्येक पिढीस लाभलेली परिस्थिति निराळी होती.

पहिला बाजीराव बापाबरोबर मोहिमांत वाढला व १७२० त विसाव्या वर्षीं पेशवा झाला. छावणीचें अर्थकारण फडाहून अगदीं वेगळें. मोहीम दसऱ्यास निघे. खरिपाचें पीक कार्तिक-मार्गशीर्षांत व रब्बीचें फाल्गुन-चैत्रांत हातीं येई, आणि वसुलाचे हप्ते त्यामागून. शिलेदारास मात्र घोडा, दाणा व नालबंदी आधींच हवी. खर्च आधीं व उत्पन्न मागाहून, मध्यें कांहीं महिन्यांचें अंतर; हें अंतर सावकारानेंच भरावें अशी ती रचना होती. मामलेदाराकडून रसद म्हणून आगाऊ रक्कम घेत व तिजवर त्यास व्याज देत. तो ती दुसऱ्या सावकाराकडून उचली. अशा स्थितींत वाढलेल्या सेनानायकास कर्ज हें मोहिमेच्या सामानापैकींच एक वाटावें, यांत नवल नाहीं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामीस त्यानें लिहिलेल्या पत्रांत सावकार व शिलेदार यांच्या तगाद्यानें आपली झालेली दशा त्यानें उघड सांगितली आहे. ते स्वामीही पेशव्यांस कर्ज देणाऱ्यांपैकीं होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पत्रांतील दीनवाणी भाषेचा अर्थ अधिक लागतो. शिष्य गुरूस लिहीत होता आणि ऋणको धनकोसही लिहीत होता.

१७४० त बाजीराव वारला तेव्हां बारामतीचा बापूजी नाईक हा त्याचा मोठा सावकार कर्जासाठीं नड लावून बसला व पेशवाईच्या पदावरही त्याची दृष्टि गेली. तरुण नानासाहेबास त्या प्रसंगीं महादोबा पुरंदऱ्यानें सावरलें. कर्ज पदास कसें भिडतें हें नानासाहेबानें आरंभींच पाहिलें. तो लेखणींत व हिशेबांत तरबेज होता. तरीही त्याच्या वीस वर्षांच्या कारकीर्दींत नोंदलेल्या कर्जाची बेरीज सुमारें दीड कोट रुपये होते व व्याजाचा दर सालीना शेकडा बारा ते अठरा, म्हणजे एकोत्रा ते दिडोत्रा, असे, असें न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवरील आपल्या प्रस्तावनेंत दाखविलें आहे. यावरून असें दिसतें कीं, हिशेबाचें शिक्षण चांगलें असलें तरी राज्याचें ऋतुचक्र त्याहून बलवत्तर ठरूं शकतें. लहानपणचें वळण आणि प्रौढपणचा परिसर यांचा झगडा लागतो, व त्यांत वळणाचा नेहमींच जय होतो असें नाहीं.

याच पिढींत आणखी एक जोडी आहे. सदाशिवरावभाऊ रामचंद्रबाबाच्या हाताखालीं कारभारांत तयार झाला, रघुनाथराव मोहिमांवर. उत्तरेकडील मोठी मोहीम करून रघुनाथराव परतला तो जमेऐवजीं कर्जाचा मोठा बोजा घेऊन. भाऊनें त्यावर बोट ठेविलें. तेव्हां पुढची मोहीम तुम्हीच करा, असें उत्तर मिळाल्याचें ग्रँट डफ सांगतो. एकास अटकेपावेतों झालेला संचार दिसत होता, दुसऱ्यास त्याची बाकी. दोघेही आपापल्या शिक्षणाच्या डोळ्यांनीं पाहत होते. पुढची मोहीम भाऊनें केली, आणि ती पानिपतची.

माधवराव १७६१ त सोळाव्या वर्षीं गादीवर आला तो या आपत्तीच्या पाठीवर. त्याची आई गोपिकाबाई रास्त्यांच्या सावकारी घराण्यांतली व करड्या शिस्तीची. नातू सवाई माधवराव यास तिनें पाठविलेलीं उपदेशाचीं कलमें प्रसिद्ध आहेत. त्याचें तारुण्य पित्याच्या कर्जाच्या फेडींत गेलें. थेऊर येथें १७७२ च्या अखेरच्या दुखण्यांत कर्जाची फेड हा विषय त्याच्या मनांतून गेला नाहीं; त्या वेळीं चोवीस लाखांचें देणें होतें व तें फेडण्याचें आश्वासन कारभाऱ्यांनीं त्यास दिलें, असें रानडे लिहितात. मरणशय्येवरील ही तळमळ नुसत्या हिशेबी वृत्तीनें उलगडत नाहीं. तिच्यामागें दुसऱ्या प्रकरणांत सांगितलेला ऋणविचार आहे: न फेडलेलें ऋण देहाबरोबर जळत नाहीं. शास्त्राचा संस्कार, सावकारी मातृकुळ आणि पानिपतानंतरची ओढगस्त या तिहींचा येथें संगम झाला आहे.

शेवटचा बाजीराव १७७५ त धार येथें जन्मला. बाप पदच्युत होऊन फिरत होता. मुलाचें बालपण व तारुण्य आनंदवल्ली, जुन्नर अशा ठिकाणीं पहाऱ्यांत गेलें. पुढें १७९६ त पद मिळाल्यावर त्यानें मामलती मक्त्यानें देण्याची चाल फार वाढविली व खासगी खजिना भरला. त्यास सावकाराकडे जाण्याची वेळ आली नाहीं, हें रानडे यांनीं नमूद केलें आहे. ज्यास उद्यां आपण कोठें असूं याची खात्री बाळपणीं कधीं लाभली नाहीं, त्यानें राज्यापेक्षां पेटीवर अधिक भरंवसा ठेवावा, हें अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटतें. अनुमान म्हणूनच तें मांडलें आहे. यानें मक्तेदारांच्या जुलमाचें परिमार्जन होत नाहीं. परंतु कर्जबाजारी पहिला बाजीराव राज्य वाढवितो व बिनकर्जी दुसरा तें घालवितो, एवढ्यावरून कर्ज व नादारी, शिल्लक व सुस्थिति यांचें समीकरण मांडणें किती धोक्याचें आहे हें दिसून येईल.

६

ज्याच्या नांवावर उधळेपणाचा शिक्का सर्वांत लवकर बसतो तो कुणबी. ऋण काढून सण करणारा, लग्नांत घर बुडविणारा, अशी त्याची ख्याति. या ख्यातीची तपासणी करण्याचा प्रसंग १८७५ सालीं आला. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले व तें लोण पुणें-नगर भागांत पसरलें. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता; जेथें सावकारानें खतें मुकाट्यानें दिलीं तेथें तीं जाळून लोक बहुधा परत गेले. सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळानें कारणें शोधिलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, १८६१ ते १८६५ या काळांत, कापसाचा भाव चढला व पत वाढली. पुढें भाव उतरला, पण कर्ज राहिलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें साधीं खतें तीन वर्षांच्या आंत बदलून घेण्याची घाई झाली व दर वेळीं व्याज मुद्दलांत मिसळलें. सारावाढ त्यावर झाली.

लग्नखर्चाविषयीं मंडळाचा निष्कर्ष विशेष आहे. लग्नें व सण या कारणास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे. बीं, बैल, पोटापुरतें धान्य व सरकारचा हप्ता यांसाठीं वरचेवर घेतलेल्या लहान रकमांनींच कर्ज अधिक फुगतें, असें त्यांनीं ठरविलें. लग्न दहा-पंधरा वर्षांत एकदां येतें व गांवभर दिसतें. बियाण्याचे चार रुपये दर मृगास जातात व कोणास दिसत नाहींत. गांवकऱ्यांच्या स्मृतींत मांडव राहतो, सावकाराच्या वहींत बियाणें राहतें.

शिवाय त्या मांडवाकडेही परिसराच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. ज्या गांवांत बलुतें धान्यानें चालतें, इर्जिकीस बैल शेजाऱ्याचे येतात, आणि दुष्काळांत आधार भाऊबंदांचाच, तेथें भाऊबंदांस घातलेलें जेवण हा एक प्रकारचा ठेवा असतो. तो वहींत नोंदला जात नाहीं, इतकेंच. दिडकी शिकलेला मनुष्य त्यास खर्च म्हणतो. न शिकलेल्यास तो पुढें कधींतरी परत येणारा ऐवज वाटतो. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब पाहण्याची मुभा दिली, ती या दोन हिशेबांमधील अंतर ओळखूनच.

७

परिस्थिति बदलली तरी तिनें घातलेलें वळण मागें उरतें, याचें एक बोलकें उदाहरण धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तांत आहे. कोंकणांत मुरुड येथें गरिबींत वाढत असतां, बडोद्याच्या दक्षिणेसाठीं इतर मुलांप्रमाणें आपणही जावें असें त्यांच्या मनांत आलें. आईनें तें होऊं दिलें नाहीं. आपलें घराणें एके काळीं गायकवाडांस कर्ज देणारें. त्यानें हात पसरावयाचा नाहीं, असा तिचा भाव होता. पैसा पूर्वींच्या पिढींत गेला होता. देणाऱ्याची वृत्ति मात्र मागें उरली होती. पुढें याच गृहस्थांनीं १८९६ त काढलेल्या अनाथ बालिकाश्रमासाठीं हयातभर लोकांपुढें हात पसरला. पण स्वतःसाठीं नव्हे, आणि पैनपैचा हिशेब देऊन. दक्षिणा नाकारण्याचें शिक्षण व वर्गणी मागण्याचें धैर्य हीं एकाच घरांतून आलीं, हें पाहिलें म्हणजे संस्कार मनुष्यास बांधतात तसे त्यास कामही देतात, असें म्हणावें लागतें.

असल्या गोष्टी सनदांत सांपडत नाहींत. त्या घरच्या वहींत, आईच्या बोलण्यांत व खताच्या पाठीवरील वसुलाच्या नोंदींत असतात. कै. ना. गो. चापेकर यांनीं खासगी दप्तरांतील जमाखर्चावरून ‘पेशवाईच्या सावलींत’ हा ग्रंथ १९३७ सालीं सिद्ध केला, तेव्हां नाकारलेल्या कागदांतून केवढें समाजचित्र उभें राहतें हें दिसून आलें. तरीही संग्राहकांच्या निवडीची रीत फारशी बदललेली नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, दप्तर हातीं येतांच त्यांतील हिशेब वेगळे काढून टाकूं नयेत. एका घराचे कागद एकाच रुमालांत राहूं द्यावे. सनद कोणत्या घरास मिळाली हें सनद सांगते. त्या सनदेचें त्या घरानें काय केलें हें किर्द सांगते. सलग पांचदहा वर्षांची किर्द, मग ती कितीही अप्रसिद्ध कुटुंबाची असो, मिळाल्यास दर सणास काय खर्च झाला, मुलाच्या पंतोजीस काय दिलें, कोणत्या महिन्यांत कर्ज निघालें व कोणत्या महिन्यांत फिटलें, कोणत्या जातीचा रुपया घरांत आला, हें तारीखवार उतरून घ्यावें. व्याजाचा दर मासिक कीं वार्षिक हें तपासावें. खतामागील वसुलाच्या नोंदी अवश्य घ्याव्या; खत उभें कसें राहिलें यापेक्षां तें फिटलें कसें यांत मनुष्य अधिक दिसतो. हे कागद पुढच्या पिढीस मिळाले, तर आपल्या पूर्वजांस कृपण किंवा उधळे म्हणण्यापूर्वीं त्यांचा हिशेब तरी ती पाहूं शकेल.